सात पासबुकं, नऊ पावत्या आणि एकच मोबाईल : जुळे सोलापुरातल्या एका घराच्या हिशेबाचं प्रकरण

(कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा जवळच्या आकड्यांत धरल्या आहेत. बँका, पतसंस्था, दवाखाना यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

अप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर. त्याआधी सोळा वर्षं एका सूतगिरणीत होते, ती 2014 मध्ये बंद पडली. घटना घडली तेव्हा अप्पांना 57वं वर्ष चालू होतं, 58 पूर्ण झाले की निवृत्ती. हातात पगार साधारण 38 हजार. काकी 51 वर्षांच्या, घर सांभाळून टॉवेलच्या कडा शिवण्याचं काम घेतात. जुळे सोलापुरात स्वतःचं घर, गृहकर्ज 2017 मध्ये फिटलेलं. मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी लग्न होऊन बार्शीला.

हे घर उधळं नाही, गरीबही नाही. पै-पै जोडणारं घर आहे. सोलापुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. यंत्रमागावर नाहीतर विडीवर आई-वडिलांनी संसार ओढला, पुढच्या पिढीने पगारातून हळूहळू बाजूला टाकलं, आणि ज्याने जिथे सांगितलं तिथे पैसा ठेवला. साहेब म्हणाले म्हणून या बँकेत, मेहुणे एजंट झाले म्हणून त्यांची पॉलिसी, पिग्मीवाला ओळखीचा म्हणून पतसंस्था. यातला एकही निर्णय त्या-त्या वेळी मूर्खपणाचा नव्हता. तीस वर्षांत त्यांची बेरीज मात्र कुणी केली नव्हती.

अडचण कशी समोर आली

जानेवारी 2024, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू होती. रात्री अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. तब्येतीचं निभावलं. पैशाचं मात्र त्या दोन दिवसांत पार हसं झालं.

घरात पाच लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच, मेडिक्लेम होती. दवाखाना त्या कंपनीच्या यादीत होता, म्हणजे कॅशलेस झालं असतं, बिल कंपनीने थेट भरलं असतं. पण कार्ड कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, पॉलिसी नंबर नाही, आणि पॉलिसीवर ईमेल होता एजंटचा, जो यात्रेच्या गर्दीत फोन उचलत नव्हता. पैसे काढायचे तर एटीएमचा पिन फक्त अप्पांना ठाऊक. ऑनलाइन करायचं तर ओटीपी अप्पांच्या मोबाईलवर, मोबाईल लॉक, आणि तो कपड्यांच्या पिशवीत आयसीयूच्या दाराशी. काकींकडे त्यांच्या जनधन खात्यात 6 हजार होते. शेवटी मुलाने पुण्याहून येऊन 1 लाख 58 हजार क्रेडिट कार्डावर भरले.

पुढे कागद जमवून दावा केला, त्यातले 1 लाख 41 हजार मिळाले. हातमोजे वगैरे न देय वस्तूंचे पैसे कापले गेले, त्यात नवल नाही. पैसे यायला सात आठवडे लागले आणि मधलं कार्डाचं बिल मुलाने आपल्या बचतीतून भरलं.

मार्चमध्ये दोघं भावंडं माझ्याकडे सल्ल्याला आली. मुलाचं म्हणणं सरळ होतं, "सगळं बंद करून एका बँकेत आणायचंय." मुलगी म्हणाली, "आधी काय काय आहे तेच आम्हाला माहीत नाही."

यादीत काय सापडलं

यादी मुलीने केली. शनिवार-रविवार बार्शीहून यायची, कपाटातल्या रेक्झिनच्या पिशव्या जमिनीवर ओतायची आणि दोनशे पानी वहीत एकेक नोंद करायची. मी तिला एवढंच सांगितलं होतं की कागदावर विसंबू नकोस, प्रत्येक पासबुक छापून आण. पासबुक छापलं की खात्यात खरोखर काय चाललंय ते कळतं.

खाती सात निघाली. अप्पांचं चालू पगाराचं खातं, सूतगिरणीच्या काळातलं जुनं पगाराचं, गृहकर्जाच्या बँकेतलं, एका नागरी सहकारी बँकेतलं, काकींबरोबरचं राष्ट्रीयीकृत बँकेतलं जोडखातं, काकींचं जनधन, आणि पतसंस्थेतलं. ठेवीच्या पावत्या नऊ : सहकारी बँकेत तीन मिळून 6 लाख 80 हजार, पतसंस्थेत चार मिळून 3 लाख 75 हजार, जोडखात्याच्या बँकेत दोन मिळून 2 लाख. एलआयसीच्या पॉलिसी सहा, वर्षाचा हप्ता 71 हजार. पीएफचे दोन नंबर. काकींची भिशी, महिना 2 हजार. काकींच्या पाटल्यांवर 1 लाख 40 हजारांचं सोनेतारण. आणि एका नातेवाइकाला दिलेले हातउसने, ज्याचा कागद नाही.

खरी गंमत तपशिलात होती. सहकारी बँकेतल्या दोन पावत्यांवर नॉमिनी म्हणून अप्पांच्या आईचं नाव होतं. त्या 2011 मध्ये वारल्या. पावत्या दरवेळी आपोआप नव्या होत गेल्या, नाव तसंच राहिलं. गृहकर्जाच्या आणि सहकारी बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबर 2019 मध्येच बंद झालेला, म्हणजे पाच वर्षं त्या खात्यांचे मेसेज कुणा अनोळखी माणसाला जात असतील किंवा कुणालाच नाही.

काकींच्या जनधन खात्यातून मेअखेरीस 436 रुपये कापलेले आणि जोडखात्यातूनही काकींच्याच नावावर 436. ही प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची रक्कम. माणूस एक असेल तर दावाही एकाच खात्यावरचा, 2 लाखांचाच मिळतो, दोनदा हप्ता भरला म्हणून चार लाख होत नाहीत. 20 रुपयांच्या अपघात विम्याचंही तेच, तो तर तीन खात्यांतून जात होता. रक्कम किरकोळ आहे, पण काकी वर्षानुवर्षं समजत होत्या की आपला दोन ठिकाणी विमा आहे. गैरसमज महाग पडतो तो असा.

एलआयसीच्या सहा पॉलिसींपैकी एक 2019 मध्येच पिकली होती. बँकेचा तपशील आणि डिस्चार्ज फॉर्म दिला नाही म्हणून 62 हजार तसेच पडून होते.

निर्णयाचे प्रश्न

घरात तीन मतं होती आणि तिन्ही प्रामाणिक होती.

मुलाला सगळं एका ॲपवर हवं होतं. सात खाती बंद, पावत्या मोडायच्या, पॉलिसी सरेंडर करायच्या (मुदतीआधीच मोडायच्या), पैसे एका बँकेत आणि उरलेले म्युच्युअल फंडात. त्याचा त्रागा समजण्यासारखा होता, दवाखान्यात पळापळ त्याने केली होती. अडचण अशी की यात नुकसान किती याचा हिशेब नव्हता, आणि ते ॲप चालवणार कोण हा प्रश्न होता. पुन्हा एकाच माणसाच्या मोबाईलवर सगळं येणार, फक्त माणूस बदलणार.

अप्पांचं म्हणणं, "यादी झाली ना, बास की. चाललंय ते चालू द्या." त्यांच्या बाजूने एक खरा मुद्दा होता. पैसा चार ठिकाणी आहे म्हणून एक जागा बुडाली तरी घर बुडत नाही. सोलापूरकराला हे शिकवावं लागत नाही. 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने इथल्याच एका सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा पेठांमधली घरं काय घोरात होती ते सगळ्यांनी पाहिलंय.

काकींना दोनच गोष्टी हव्या होत्या. पाटल्या परत याव्यात आणि भिशीला कुणी हात लावू नये.

मी सुचवलं ते असं : आधी दारं उघडी करा, मग सामान हलवा. म्हणजे मोबाईल नंबर, नॉमिनी, केवायसी, जोडनाव हे सगळीकडे आधी नीट करायचं, भले ते खातं दोन महिन्यांनी बंद करायचं असेल. त्यानंतर महाग चुका थांबवायच्या. खाती बंद करणं सगळ्यात शेवटी. मुलाला हा क्रम उलटा वाटला. बंदच करायच्या खात्याचं केवायसी करत कशाला बसायचं? त्याचं उत्तर त्याला पुढे आपोआप मिळालं.

सोनेतारण

सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीवर गेला, आणि आकड्यांत ती सगळ्यात सोपी होती.

मुलीच्या लग्नात 2021 मध्ये पाटल्या ठेवल्या होत्या. दर साडेबारा टक्के, म्हणजे वर्षाला 17 हजार 500 व्याज. अप्पा दरवर्षी व्याज भरून कर्ज नवं करायचे, मुद्दल तसंच. त्याच वेळी जोडखात्याच्या बँकेत दीड लाखाची ठेव पावणेसात टक्क्यांनी पडून होती. 1 लाख 40 हजारांवर ती वर्षाला 9 हजार 450 देत होती. म्हणजे स्वतःचेच पैसे बँकेत ठेवून तेवढेच पैसे दुसरीकडून उसने घेतल्याबद्दल दरसाल 8 हजार 50 रुपये घालवायचे.

अप्पांना हे गणित कळत नव्हतं असं नाही, कारखान्यात ते रोज सुताच्या वजनाचा आणि घटीचा हिशेब ठेवतात. पण "एफडी मोडायची नसते" हा त्यांच्या लेखी हिशेबाचा विषयच नव्हता. ठेव म्हणजे म्हातारपण, आणि सोनं म्हणजे काय, सुटेल की कधीतरी. मुलगा आकडे मांडत राहिला आणि अप्पा गप्प बसत गेले.

मग काकी बोलल्या, "लग्नाला तीन वर्षं झाली. गौरीला, संक्रांतीला मी पितळी बांगड्या घालून बसते. तुमची पावती तुम्हाला दिसते, माझं सोनं दिसत नाही."

दुसऱ्या आठवड्यात ठेव मोडली. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात एक टक्का कापला गेला, त्याची अप्पांनी थोडी कुरकुर केली. पाटल्या घरी आल्या.

मामांची पॉलिसी

सहापैकी पिकलेल्या पॉलिसीचे 62 हजार कागद दिल्यावर खात्यात आले. दोन पॉलिसी 2025 आणि 2026 मध्ये पिकणार होत्या, त्यांना हात लावण्यात अर्थ नव्हता, कारण शेवटच्या टप्प्यात सरेंडर म्हणजे बोनसवर पाणी. दोन छोट्या हप्त्याच्या, त्या चालू ठेवल्या.

प्रश्न सहावीचा. काकींच्या भावाने तीन वर्षांपूर्वी काकींच्या नावावर काढलेली, वर्षाला 24 हजार, अजून बारा वर्षं भरायचे. भरून झाले होते 72 हजार. मुलाचं म्हणणं सरेंडर. पण तीन वर्षांनंतर सरेंडरची हमी रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या 35 टक्के, म्हणजे 25 हजारांच्या आसपास. दुसरा मार्ग पेड-अप करण्याचा : पुढचे हप्ते बंद, विम्याची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते, आणि जे काही मिळायचं ते मुदतीला. तिसरा, भरत राहण्याचा. निवृत्तीनंतर 24 हजारांचा हप्ता जड जाणार हे उघड होतं, त्यामुळे तिसरा बाद. पहिल्या दोघांत पेड-अप निवडलं. आज 25 हजार हातात घेऊन घराचं काही अडलेलं सुटणार नव्हतं.

आकडे इथे संपले आणि नातं सुरू झालं. मामांना सांगायचं कोणी? मुलगा फोन लावायला निघाला तेव्हा काकींनी त्याला थांबवलं. "पॉलिसी बंद करा, पण दादाला मी सांगणार. तुम्ही कुणी बोलू नका." त्या माहेरी जाऊन सांगून आल्या. मामा दोन महिने रुसले, पंचमीला नेहमीसारखे आले. असल्या पॉलिसी वर्षानुवर्षं चालू राहतात त्या हप्ता परवडतो म्हणून नव्हे, "बंद" हा शब्द नातेवाइकासमोर काढवत नाही म्हणून. सल्लागारांनी इथे आकड्यांचा मारा करू नये असं माझं मत आहे. सांगणारं माणूस ठरलं की निम्मं काम होतं.

पतसंस्था आणि पाच लाखांची रेघ

पतसंस्थेत साडेनऊ टक्के मिळत होते. अप्पांचा विश्वास दांडगा, पिग्मीवाला वीस वर्षं रोज दारात येणारा. पण एक फरक त्यांना कुणी सांगितला नव्हता. बँकेतल्या ठेवींना, नागरी सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं : एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत, सगळ्या शाखा धरून. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासूनची, त्याआधी 1 लाख होती. पतसंस्था बँक नसल्यामुळे तिला हे संरक्षण नाहीच. बँकेपेक्षा जास्तीचं व्याज मिळतं ते या जोखमीचं.

हे ऐकून अप्पांनी लगेच सगळं काढायचं ठरवलं. तेही घाईचं होतं. मुदतीआधी मोडलं असतं तर व्याज गेलं असतं, आणि संस्थेबद्दल काही वाईट कानावर नव्हतं. ठरलं असं की पावती पिकेल तशी काढायची, नवी करायची नाही. पहिली व्यवस्थित मिळाली. दुसऱ्या वेळी "पुढच्या आठवड्यात या" असं तीनदा ऐकावं लागलं, मग मिळाली. त्या तीन आठवड्यांनी जे समजावलं ते मला तासभर बोलून जमलं नव्हतं.

सहकारी बँकेतले 6 लाख 80 हजार एकट्या अप्पांच्या नावावर होते, म्हणजे 1 लाख 80 हजार आणि व्याज विम्याच्या रेघेबाहेर. अडीच लाखांची पावती पिकल्यावर जोडखात्याच्या बँकेत हलवली, उरलेले 4 लाख 30 हजार तिथेच ठेवले. सहकारी बँक म्हणून पूर्ण पाठ फिरवायची गरज नव्हती. शाखा घराजवळ आहे, मॅनेजर ओळखतो, म्हाताऱ्या माणसाला खुर्ची देतात. या गोष्टींना किंमत आहे.

पीएफ : तीन स्पेलिंगचं नाव

सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी अशी तिन्ही वळणं एका नावात सापडतात. अप्पांचं आडनाव कुठे पुढे, कुठे मागे, आणि इंग्रजीत तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं. सूतगिरणीच्या नोंदीत एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं. त्यामुळे जुन्या पीएफचे 2 लाख 90 हजार नव्या खात्यात येईनात.

मुलगा म्हणाला, निवृत्तीच्या वेळी दोन्ही वेगवेगळे काढू. पैशापुरतं ते चाललं असतं. पेन्शनचं तसं नाही. पीएफच्या पेन्शनमध्ये नोकरीची वर्षं मोजतात : पेन्शनयोग्य पगार गुणिले वर्षं भागिले 70. नुसती कारखान्याची 11 वर्षं धरली तर महिना अडीच हजारांच्या आत. गिरणीची 16 जोडली की 27 होतात, आणि वीस किंवा जास्त वर्षं सेवा असली की दोन वर्षं वाढीव धरतात. जुन्या काळात पगाराची मर्यादा 6 हजार 500 होती, 2014 पासून 15 हजार झाली, ते धरून हिशेब सव्वाचार हजारांच्या आसपास जात होता. महिन्याला दोन हजारांचा फरक, तोही जन्मभर, आणि मागून काकींच्या विधवा पेन्शनवरही परिणाम.

गिरणी बंद, मालकाची सही मिळणार कुठून. जुनी पगारपत्रकं, गिरणीचं ओळखपत्र, आधार, नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र असं सगळं जोडून सोलापूरच्या पीएफ ऑफिसात अर्ज दिला. एकदा परत आला, पुन्हा दिला. नाव जुळून खाती एक व्हायला सात महिने गेले. पगारपत्रकं मिळाली कुठे, तर काकींच्या साड्यांच्या पेटीत, वर्तमानपत्राखाली अंथरलेली.

घाईत बंद केलेलं खातं

जुलै 2024 मध्ये मुलगा दोन दिवस रजा घेऊन आला होता. गृहकर्जाच्या बँकेत मिनिमम बॅलन्स नाही म्हणून दंड कापत होते, त्याचा त्याला संताप होता. यादीतल्या क्रमाची वाट न बघता त्याने अप्पांना सोबत नेऊन ते खातं बंद केलं. गेल्या चार महिन्यांच्या पानांवर त्याला काहीच दिसलं नव्हतं.

त्या खात्यातून दोन पॉलिसींचे सहामाही हप्ते जात होते. ऑगस्टमध्ये हप्ता फिरला. आधीच्या टप्प्यात एलआयसीकडे मोबाईल नंबर बदलून घेतला होता म्हणून मेसेज मुलीच्या हातात असलेल्या नंबरवर आला आणि तीस दिवसांच्या सवलतीत हप्ता भरता आला. नंबर जुनाच असता तर पॉलिसी खंडित होऊन पुन्हा चालू करायला अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी मागितली जाऊ शकली असती.

यानंतर घरात नियम झाला : हप्ते, वीजबिल, मेडिक्लेम असं जे खात्यातून आपोआप जातं ते आधी जोडखात्यावर वळवायचं, तिथून एकदा तरी कापलं गेलेलं पासबुकात बघायचं, मगच जुनं खातं बंद. सहामाही, वार्षिक गोष्टींसाठी पूर्ण वर्षाची पानं बघायची.

सूतगिरणीच्या जुन्या खात्यात शेवटच्या पगाराचे 11 हजार 860 निघाले. दोन वर्षं व्यवहार नसल्याने ते निष्क्रिय झालं होतं. केवायसी देऊन चालू केलं, पैसे काढले, बंद केलं. पुन्हा चालू करण्याचं शुल्क बँकेला घेता येत नाही, तेव्हा कुणी मागितलं तर विचारा. दहा वर्षं उलटली असती तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत गेली असती. तीही बँकेमार्फत परत मिळते, फक्त खेटे वाढतात. अशी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे, आपल्या आई-वडिलांच्या नावाने एकदा तिथे बघायला हरकत नाही.

काकींचं जनधन खातंही मुलाच्या बंद करायच्या यादीत होतं. जोडखातं आहे ना, हा त्याचा युक्तिवाद. काकी म्हणाल्या, शिवणाचे पैसे माझ्या खात्यात येतात आणि ते माझ्याच खात्यात येणार. ते खातं राहिलं. ज्या दोन दिवसांत अप्पांचे सगळे पैसे कुलपात होते तेव्हा घरात चालणारं खातं तेच एक होतं, हे मुलालाही आठवलं असावं. भिशीचंही तसंच. तिच्यात व्याज नाही, जोखीम आहे, मी कुणाला मुद्दाम सुचवणार नाही. पण वीस वर्षं त्याच बायकांची चालत आलेली भिशी दोन हजारांपुरती असेल तर तिथे सल्लागाराने नाक खुपसू नये.

निवृत्तीचे पैसे

मे 2025 मध्ये अप्पा निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी 1 लाख 52 हजार, एकत्र झालेला पीएफ 10 लाख 48 हजार. मुलाला निम्मे म्युच्युअल फंडात हवे होते. अप्पांना दर तीन महिन्यांनी हातात येणारी ठरलेली रक्कम हवी होती, आणि इथे मी अप्पांच्या बाजूचा होतो. घरात दुसरं ठरलेलं उत्पन्न फक्त पेन्शनचं होतं.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला साधारणपणे वय 60 लागतं. पण 55 ते 60 मध्ये निवृत्त झालेल्यालाही ती उघडता येते, अट अशी की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि तेवढ्याच रकमेपर्यंत. कारखान्याचं निवृत्तीचं पत्र लागतं. ही मुदत माहीत नसल्याने कितीतरी लोक आधी साधी एफडी करून बसतात आणि मग साठीची वाट बघतात. अप्पांची ग्रॅच्युइटी जूनमध्ये आली, पीएफ जुलैत, खातं ऑगस्टमध्ये उघडलं. 12 लाखांवर 8.2 टक्क्यांनी तिमाही 24 हजार 600, थेट जोडखात्यात. व्याज वर्षाला 50 हजारांच्या वर जात असल्याने टीडीएस कापला गेला असता. अप्पांचं एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेखाली, म्हणून कर लागत नाही असं सांगणारा 15-जी फॉर्म भरून दिला.

निष्पत्ती

2025 अखेर सात खात्यांची चार झाली : जोडखातं, सहकारी बँक, काकींचं जनधन आणि पतसंस्था, जिथे एक पावती अजून पिकायची आहे. पगाराचं खातं निवृत्तीनंतर बंद केलं. सगळीकडे चालू मोबाईल नंबर आहे, नॉमिनी जिवंत माणसं आहेत. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, त्यामुळे काकींच्या बरोबर दोन्ही मुलांची नावंही लागली. 436 रुपये आता एकाच खात्यातून जातात.

वही कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. पहिल्या पानावर मेडिक्लेमचा नंबर, कंपनीचा चोवीस तासांचा फोन आणि दवाखान्यात गेल्यावर चोवीस तासांत कळवायचं ही सूचना, मोठ्या अक्षरात. पिन वहीत लिहिलेला नाही. काकींना जोडखात्याचं स्वतःचं एटीएम कार्ड मिळालं, आणि पहिले पैसे त्यांनी सात रस्ता चौकाजवळच्या मशीनमधून मुलीला बाहेर उभी करून एकटीने काढले.

न झालेल्या गोष्टीही आहेत. हातउसने परत आलेले नाहीत, आता येतील असं घरातही कुणी धरत नाही. मृत्युपत्राचा मसुदा तयार आहे, अप्पा सही पुढे ढकलतात. नॉमिनी लावला म्हणजे मालकी ठरली असं त्यांना वाटतं. बँकेच्या ठेवींत नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा असतो. घर अप्पांच्या एकट्याच्या नावावर असल्याने हा प्रश्न पैशापेक्षा घराच्या बाबतीत जास्त अडणार आहे.

काय वेगळं करता आलं असतं

मुलगा आणि मुलगी यांच्यातली कामाची वाटणी सुरुवातीलाच ठरायला हवी होती. यादी एकाकडे आणि बँकेत जाणारा दुसराच, म्हणून ऑगस्टचा हप्ता फिरला. चूक मुलाच्या घाईपेक्षा या रचनेत जास्त होती. पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेला माणूस हातातलं काम संपवूनच जाणार.

पीएफच्या नावाचं काम सगळ्यात आधी घ्यायला हवं होतं, ते चौथ्या क्रमांकावर होतं. सात महिने लागले तरी निवृत्तीआधी जमलं, कारण हाताशी सव्वा वर्ष होतं. तीच यादी निवृत्तीच्या वर्षी झाली असती तर पीएफचे पैसे आणि पेन्शन दोन्ही लटकले असते. ज्या कामात दुसऱ्याच्या टेबलावर फाईल पडून राहणार आहे ते पहिल्या दिवशी सुरू करायचं, घरच्या घरी होणारं मागून केलं तरी चालतं.

आणि सोनेतारणाची चर्चा काकींपासून सुरू व्हायला हवी होती. सोनं त्यांचं, कर्ज त्यांच्या नावावर, आणि दोन बैठका आम्ही तिघं पुरुष व्याजदरावर बोलत होतो.

मृत्युपत्रासाठी अप्पांनी आता पाडव्यानंतरची तारीख दिली आहे. दोन साक्षीदार ठरले आहेत, त्यातले एक मामा.